प्रतिकृती जहाजावर खलाशी म्हणून जायचं असेल तर

सुरसागरकाठ (बडोदा)

जुन्या पद्धतीने शिवलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज मस्कतला पोचल्यापासून ओळखीपाळखीतले लोक मला एकच विचारताहेत: अशा जहाजावर आपल्यासारख्या साध्या माणसाला जाता येतं का? मी अठराव्या शतकातल्या एका व्यापारी जहाजाच्या प्रतिकृतीवर खलाशी म्हणून अटलांटिक ओलांडला आहे, म्हणून माझ्याकडे येतात. प्रत्येकाला फोनवर तुटक सांगण्यापेक्षा इथे नीट लिहिते. जहाजाचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच जहाजाची जाहिरात नको, आणि मी सांगतेय ते अशा बहुतेक जहाजांना लागू आहे.

कौंडिण्य हे नौदलाचं जहाज. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यातल्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात त्याचा कणा बसवला, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली ते उभं राहिलं, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचलं, तेही इंजिनाशिवाय. त्यावर अर्ज करून जाता येत नाही. ‘तरंगिणी’ (१९९७) आणि ‘सुदर्शिनी’ (२०१२) शिडाची आहेत, पण ती प्रतिकृती नव्हेत. नौदलाच्या छात्रांना शिकवण्यासाठी बांधलेली ती आजची जहाजं आहेत.

नागरिकांना दार उघडं आहे ते बाहेरच्या देशांत. स्वीडनचं ‘गोटेबोर्ग’ घ्या. मूळ जहाज चीनमधल्या कँटनहून माल भरून परत येत होतं आणि १७४५ मध्ये घरच्या बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळून बुडालं. त्याची प्रतिकृती २००३ मध्ये पाण्यात उतरली आणि २००५ ते २००७ या काळात चीनला जाऊन आली. ऑस्ट्रेलियाचं ‘एन्डेव्हर’ ही दर्यावर्दी जेम्स कुकच्या १७६८ च्या सफरीतल्या जहाजाची प्रतिकृती, १९९३ मध्ये फ्रीमँटलला पाण्यात उतरलेली. अशा जहाजांवर कप्तान, मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी), तांडेल (खलाशांचा मुकादम), इंजिनियर, भंडारी (स्वयंपाकी) हे पगारी आणि परवानाधारक असतात. बाकी मनुष्यबळ म्हणजे आम्ही. सफरीच्या एका टप्प्यापुरते आलेले, पूर्वानुभव असलेले-नसलेले, बहुतेक वेळा स्वतः पैसे भरून आलेले.

पैसे भरले म्हणून कोणी प्रवासी होत नाही. पहिल्या दिवशीच पाळी ठरते. चार तास काम, आठ तास विश्रांती, पुन्हा चार तास काम, असं अख्खा महासागर ओलांडेपर्यंत. माझी पाळी बारा ते चार, दुपारची आणि रात्रीची. पाळीत एक जण सुकाणूवर, एक जण नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, टेहळणीला, आणि दर तासाला एक जण जहाजभर फेरी मारतो: तळात पाणी किती साचलंय, कुठे जळका वास येतोय का, कुठला दोर कशावर घासतोय. उरलेले हाकेला तयार. आठ तासांची विश्रांतीही पुरी मिळेलच असं नाही, कारण वारा फिरला की सगळ्यांनाच वर बोलावतात. झोप तुकड्यातुकड्यांनी घ्यायला शिकणं हे मला शिडावर चढण्यापेक्षा कठीण गेलं.

दोरांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. एन्डेव्हरवर सुमारे ३० किलोमीटर दोर आहे. चालवायचे दोर सगळे कठड्याजवळच्या खुंट्यांवर बांधलेले असतात, आणि दिसायला एकसारखे. कोणता दोर कोणत्या शिडाचा, तो सोडला तर काय खाली येईल, हे अंधारात, पावसात, बॅटरी न लावता माहीत असावं लागतं. पहिल्या आठवड्यात आमचा तांडेल रोज संध्याकाळी एकेका दोराचं नाव पुकारे आणि आम्ही धावत जाऊन त्या दोराला हात लावायचा. हळूहळू नावाआधी हातच तिकडे जायला लागतो.

आणि वर चढणं. दोन्ही बाजूंना दोरांच्या शिड्या असतात, त्यावरून परबाणापर्यंत, म्हणजे शीड ज्याला बांधलेलं असतं त्या आडव्या वाशापर्यंत, जायचं. परबाणाखाली एक पायदोर लोंबतो, त्यावर उभं राहायचं, पोट परबाणावर टेकवायचं, कमरेचा पट्टा अडकवायचा आणि दोन्ही हातांनी शीड वर ओढून गुंडाळायचं. नवा माणूस पायदोरावर आला की आधी उभ्या असलेल्यांच्या पायाखालचा दोर हलतो, वर उचलला जातो. म्हणून पाय ठेवण्याआधी मोठ्याने हाक द्यायची आणि पलीकडून उत्तर आल्यावरच पाय ठेवायचा. रात्रीच्या सरीत भिजलेलं शीड ओल्या गोधडीसारखं जड होतं. बोटांना पकड मिळत नाही, नखं मुडपतात. एकट्याने कितीही जोर लावला तरी ते तसूभर हलत नाही. सगळ्यांनी एकाच दमात ओढलं की मात्र एकदम वर येतं, आणि ते पुन्हा सुटायच्या आत पोटाखाली दाबून धरायचं. हे काम मला त्या जहाजावरच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त आवडलं.

मी हे सगळं लिहितेय त्यामागे एक कळकळ आहे. आपण मराठी माणसं कान्होजी आंग्र्यांचं नाव घेतो, गुराबा-गलबतांबद्दल, म्हणजे त्यांच्या लढाऊ जहाजांबद्दल, भरभरून बोलतो. आपल्या बडोद्याची गोष्ट तर इथल्याही फार थोड्या लोकांना माहीत आहे. गायकवाडांचं आरमार बिलीमोऱ्याला होतं, आणि पुढे ओखामंडळ-कोडीनारचा किनाराही बडोदे संस्थानातच होता. एवढा समुद्र आपला होता, आणि आज आपल्यातल्या किती जणांना एक शीड आवळता येतं? जहाज चालवण्याची विद्या कागदावर थोडी आणि हातांत फार होती. ते हात गेले, तशी विद्याही गेली. प्रतिकृती जहाजं ती परत मिळवायला बांधतात, आणि ती परत मिळते ते त्यावर काम करणाऱ्यांच्या हातांत. म्हणून म्हणते, आरमाराचा अभिमान असेल तर एकदा दोर हातात घ्या. विचारा काय विचारायचं ते.

घाटमाथा (पुणे)

जबरदस्त लेख, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. या जहाजांना खरंच इंजिन नसतं का? असेल तर मग ती ‘प्रतिकृती’ कशी? आणि एकूण खर्च साधारण किती येतो?

सुरसागरकाठ

बहुतेकांना इंजिन असतं. गोटेबोर्गला आहे, एन्डेव्हरला आहे. आजच्या गर्दीच्या बंदरात नुसत्या शिडावर शिरायला परवानगी मिळणं अवघड, आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. शिवाय पाणबंद कप्पे, जीवरक्षक तराफे, रडार, उपग्रह फोन हे नियमाने ठेवावंच लागतं. आमच्याकडे इंजिन बंदरात शिरताना-निघताना चाले, मधे खोल समुद्रात शिडंच. परबाणांना आडवी शिडं लावलेलं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण साठ-पासष्ट अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. त्यामुळे रस्ता वारा ठरवतो. कॅनरी बेटांवरून दक्षिणेकडे उतरून ईशान्येचा व्यापारी वारा धरायचा आणि त्याच्या पाठीवर कॅरिबियनला जायचं, हाच शेकडो वर्षांचा मार्ग आहे. अटलांटिकमधला वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, म्हणून तो सरत आला की लोक निघतात. आपल्या अरबी समुद्रातही हेच गणित आहे. हिवाळ्यातला ईशान्य वारा पश्चिमेला नेतो, पावसाळी नैऋत्य वारा परत आणतो. कौंडिण्य डिसेंबरअखेरीस निघालं त्याचं कारण तेच.

खर्चाचा आकडा देत नाही, कारण तो जहाज, टप्पा आणि वय यांवर बदलतो. काही जहाजं तरुणांना सवलत देतात. सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक, इंजिन यांपैकी काही उत्तम येत असेल तर काम करून जाण्याची सोय होऊ शकते, तेव्हा अर्जात ते लपवू नका. आपल्याला खरा फटका विमानाच्या तिकिटांचा बसतो: एका बंदरात चढायचं आणि भलत्याच खंडात उतरायचं.

तुळशीवृंदावन (इंदूर)

किती छान लिहिलं आहेस गं. वाचताना हातपाय गार पडले. शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? आणि बायकांची झोपायची, आंघोळीची वेगळी सोय असते का?

सुरसागरकाठ

मावशी, शाकाहाराची आता अडचण नाही, फक्त अर्जातच कळवायचं, म्हणजे भंडारी तसा शिधा भरतो. डाळ, भात, ब्रेड, बटाटे, कडधान्यं शेवटपर्यंत टिकतात. हिरव्या भाज्या आणि फळं पहिल्या टप्प्यात संपतात, कोबी आणि कांदा सगळ्यांत शेवटी. मी मेतकूट, लसणाची चटणी आणि कोरडा चिवडा नेला होता, तो रात्रीच्या पाळीत सगळ्यांनी खाल्ला. पुढच्या बंदरापर्यंत स्वयंपाकघरातल्या माणसाला मदत करायची पाळीही आपल्याला असते, तेव्हा एकदा मी पंचवीस-तीस जणांसाठी मुगाची खिचडी केली होती.

झोपायला आमच्याकडे टांगत्या झोळ्या होत्या, सगळ्यांच्या एकाच दालनात, एकमेकांना खेटून. काही जहाजांवर फळ्यांच्या बाकड्या असतात. स्वच्छतागृहं आणि न्हाणी आधुनिक आणि आडोशाची असतात. कपडे बदलायला तीच जागा. गोडं पाणी जपून वापरायचं, आंघोळ दोन-तीन मिनिटांत उरकायची. संकोच मला चढतानाच होता. एकमेकांच्या जिवाची जबाबदारी घेऊन काम करणाऱ्या माणसांत तो टिकत नाही. पण मुलींनी निघण्यापूर्वी संस्थेला लैंगिक छळाच्या तक्रारीची त्यांची पद्धत काय हे लेखी विचारावं. चांगली संस्था लगेच उत्तर देते.

दर्यासारंग (रत्नागिरी)

ताई, लेख मनापासून आवडला. मी व्यापारी जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालो. लोखंडी जहाजांवरचा माणूस मी, पण चार गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे.

‘बाउंटी’चं नाव इथे निघायला हवं. १९६० मध्ये बांधलेली प्रतिकृती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळ येतंय हे माहीत असताना ती बंदराबाहेर पडली आणि उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडाली. वर १६ माणसं होती. १४ जणांना अमेरिकेच्या तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरने उचललं, एका खलाशी मुलीचा मृत्यू झाला आणि कप्तान सापडलाच नाही. चौकशीत कप्तानाच्या निघण्याच्या निर्णयावर बोट ठेवलं गेलं. लाकूड कुजलेलं, पाणी आत येत होतं, पंप पुरे पडले नाहीत, खलाशांत नवखे बरेच.

हे घाबरवायला लिहीत नाही. जहाज जुन्या पद्धतीचं असेल तर देखभाल अधिक कडक लागते, एवढंच सांगायचंय. पैसे भरण्याआधी विचारा: जहाज सुक्या गोदीत शेवटचं कधी घेतलं, कोणत्या वर्गीकरण संस्थेचा (जहाजाची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचा) दाखला आहे, कोणत्या देशाचा झेंडा आहे, पगारी आणि शिकाऊ माणसांचं प्रमाण काय. चढल्यावर पहिल्या चोवीस तासांत आग लागल्याची, जहाज सोडण्याची आणि माणूस पाण्यात पडल्याची कवायत झाली नाही, तर बंदरातच उतरा. गेलेले पैसे परत मिळवता येतात.

सुरसागरकाठ

काका, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. आमच्याकडे पहिल्याच दुपारी तिन्ही कवायती झाल्या. माणूस पाण्यात पडल्याच्या कवायतीत एकाला फक्त एकच काम असतं, पडलेल्याकडे बोट रोखून उभं राहायचं आणि नजर क्षणभरही हलवायची नाही. लाटांत डोकं एकदा नजरेआड झालं की ते परत सापडणं किती अवघड हे, एक बोया टाकून आम्हाला दाखवलं होतं. शिडाचं जहाज जागच्या जागी थांबत नाही, ते थांबवायला परबाणं उलटी फिरवावी लागतात आणि तोवर ते बरंच पुढे गेलेलं असतं. त्या कवायतीनंतर पट्टा अडकवायला कोणालाही सांगावं लागलं नाही.

गनिमी_कावा (कोल्हापूर)

माहितीपूर्ण धागा. पण मला खंत वाटते. स्वीडन एक बुडालेलं जहाज पुन्हा बांधून चीनला नेतं, आणि आपण आंग्र्यांची एक गुराब बांधू शकत नाही? पाचव्या शतकातल्या चित्रावरून कौंडिण्य झालं, मराठ्यांचं जहाज का नाही?

वीटबांधकाम (बडोदा)

पुरातत्त्व हा माझा विषय, म्हणून उत्तर देतो. अडचण पुराव्याची आहे. गोटेबोर्गच्या बाबतीत प्रत्यक्ष अवशेषांचं पाण्याखाली उत्खनन झालं होतं. ‘ज्वेल ऑफ मस्कत’ हे शिवलेलं जहाज २०१० मध्ये ओमानहून कोची, श्रीलंकेतल्या गॉलमार्गे सिंगापूरला गेलं. त्यालाही इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजाच्या अवशेषांचा आधार होता. कौंडिण्यला मात्र फक्त चित्र. भिंतीवरच्या चित्रात पाण्याखालचा भाग दिसत नाही, मोजमाप नसतं. म्हणून नौदलाच्या अभियंत्यांना सांगाड्याचा आकार नव्याने ठरवावा लागला आणि आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याच्या पाण्यातल्या चाचण्या कराव्या लागल्या. फळ्या शिवण्याची कला केरळच्या काही कारागिरांकडे जिवंत होती म्हणून पुढचं जमलं.

गुराबेची वर्णनं आहेत, युरोपीय लोकांनी काढलेली चित्रं आहेत. पुढे निमुळती होत गेलेली नाळ, दोन किंवा तीन डोलकाठ्या, नाळेवरून पुढे रोखलेल्या तोफा. एवढ्यावर अभ्यासपूर्ण अंदाज बांधता येईल, आणि तो अंदाज आहे असं स्पष्ट सांगून बांधायला माझी हरकत नाही. उलट प्रयोग म्हणून तेच मोलाचं: समुद्रात नेल्यावर अंदाज कुठे चुकला ते जहाजच सांगतं. लोथल इथून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर आहे. तिथल्या विटांच्या कुंडाला गोदी म्हणायचं की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात, आणि त्या काळच्या जहाजाची फळीसुद्धा हाती नाही. आपल्याला पुराव्याशिवाय बोलायची सवय लागली आहे, ती आधी सोडली पाहिजे.

सुरसागरकाठ

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. गनिमी_कावा, तुमची खंत माझीही आहे, पण मी क्रम वेगळा लावेन. उद्या कोणी गुराब बांधली तर ती चालवणार कोण? बांधायला पैसे आणि कारागीर एकदा उभे करता येतील. पण वारा फिरल्यावर कोणता दोर आधी ढिला करायचा हे अंगात मुरलेली वीस-पंचवीस माणसं बाजारात मिळत नाहीत. ओमानच्या लोकांनी १९८० मध्ये ‘सोहार’ नावाचं शिवलेलं जहाज मस्कतहून कँटनला धाडलं, मग तीस वर्षांनी ज्वेल ऑफ मस्कत. प्रत्येक सफरीतून माणसं तयार होतात. आपल्याकडे कौंडिण्यवरून आता तशी माणसं तयार झाली आहेत, हे मला त्या जहाजाइतकंच मोठं वाटतं. नागरिकांतूनही व्हायला हवीत.

रावपुरा (बडोदा)

मी इथलाच. माझी मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. तिने हा धागा मला पाठवला आणि खाली लिहिलं, “बाबा, वाचा.” तिला जायचंय. तिची आई ऐकायलाच तयार नाही. मुलीला पोहायला येत नाही, समुद्र तिने दमणला आणि दीवला पाहिलाय तेवढाच. मी तिला नाही म्हणू इच्छित नाही, पण हो कशाच्या आधारावर म्हणू? कागदपत्रांचंही मला काही कळत नाही.

सुरसागरकाठ

दादा, ‘नाही म्हणू इच्छित नाही’ हे तुम्ही लिहिलंत, यातच तिचं अर्धं काम झालं. मी सांगते त्या क्रमाने करा. एक वर्ष हाताशी ठेवा.

पोहणं आजपासून. महापालिकेच्या तरणतलावात सकाळची तुकडी लावा. जहाजावर पोहायची वेळ येऊ नये यासाठीच सगळी धडपड असते, पण पाण्याची भीती घेऊन चढलेला माणूस कामात चुकतो. उंचीसाठी अबूला गुजरात सरकारची गिर्यारोहण संस्था आहे, तिथला प्राथमिक अभ्यासक्रम करू दे. पट्टा बांधून उंचावर हात मोकळे ठेवून काम करणं तिथे समजतं, आणि आपल्याला ते झेपतं की नाही हेही तिथे स्वस्तात कळतं. मग लहान होडी: गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, एनसीसीच्या नौदल विभागातही शिडाची होडी शिकवतात. लहान होडीत वारा गालावर कळायला लागतो. ते मोठ्या जहाजावर शिकायला फार वेळ जातो, कारण तिथे चूक लगेच दिसत नाही.

सुकाणूचंच उदाहरण देते. चाक फिरवल्यावर मोठं जहाज लगेच वळत नाही. नवखा माणूस होकायंत्राच्या आकड्यामागे धावतो, जास्त फिरवतो, मग उलट फिरवतो, आणि मागे पाण्यात नागमोडी रेघ उमटत जाते. मी तेच करत होते. माझ्या पाळीच्या मेटने होकायंत्रावर एक फडकं टाकलं आणि सांगितलं, समोरचा तारा परबाणाच्या टोकाशी धर. मग नजर वर गेली, जहाजाची चाल पायांना कळायला लागली, चाक जेमतेम हलवावं लागलं. तारे पश्चिमेला सरकतात, म्हणून थोड्या थोड्या वेळाने नवा तारा निवडायचा, मधेच फडकं उचलून आकडा ताडून पाहायचा. छोट्या होडीत तास घालवलेल्यांना हे पहिल्याच रात्री जमलं होतं.

कागदपत्रं: पासपोर्ट सफर संपल्यानंतरही किमान सहा महिने वैध हवा. शिकाऊ खलाशी म्हणून जाणाऱ्यांना बऱ्याच देशांत नाविकांच्या सवलती लागू होत नाहीत, साधा पर्यटक व्हिसाच लागतो. तेव्हा जहाज ज्या ज्या बंदरांत थांबणार त्या प्रत्येक देशाचं आधी पाहायचं. युरोपातल्या शेंगेन (एकाच व्हिसाच्या) देशांत १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते, आणि जहाज गोदीत दुरुस्तीसाठी अडकलं तर ते दिवसही त्यात मोजले जातात. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांतून भारतात परत यायचं असेल तर लशीचा दाखला अत्यावश्यक आहे, लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. वैद्यकीय तपासणीचा नमुना जहाजाची संस्था पाठवते. विमा काढताना ‘उंचावर काम’ आणि ‘खोल समुद्र’ हे त्यात बसतं का ते एजंटकडून लेखी घ्या.

वहिनींना सांगा, जहाजाची जागा आता घरबसल्या नकाशावर दिसते. उपग्रह फोन असतो, पण रोज फोन येणार नाही, आणि न आल्यावर घाबरायचं नाही हे दोन्हीकडून आधी ठरवून ठेवा. माझ्या आईला मी ते ठरवून दिलं नव्हतं, तिने फार सोसलं.

तुळशीवृंदावन (इंदूर)

रावपुरा, जाऊ द्या हो मुलीला. आणि समुद्र लागला तर काय करायचं तेही लिही ना, म्हणजे आई निश्चिंत होईल.

सुरसागरकाठ

मावशी, समुद्र जवळजवळ सगळ्यांना लागतो, साधारण दोन-तीन दिवस. गोळी निघण्याआधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आल्याची वडी, कोरडी बिस्किटं, घोट घोट पाणी. खाली झोळीत जाऊन पडून राहिलं की वाढतं. वर उघड्यावर क्षितिजाकडे बघत काम करत राहिलं की उतरतं. आम्हाला तेव्हा खाऱ्या पाण्याने डेकच्या फळ्या घासायला लावत. खारं पाणी लाकडाला मानवतं, फळ्या फुगून सांधे घट्ट राहतात. गोड्या पाण्याने कूज धरते. बादली, कुंचा, आणि डोळे मधूनमधून क्षितिजाकडे. माझ्यासाठी त्यापेक्षा चांगलं औषध नव्हतं.

दर्यासारंग (रत्नागिरी)

अनुमोदन. रावपुरा साहेब, मुलीला गाठी घरीच शिकवायला घ्या. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि आठाची गाठ, या तीन डोळे मिटून, पाठीमागे हात धरून बांधता आल्या पाहिजेत. आणि बांधण्याइतकंच ताण असताना सोडता येणं महत्त्वाचं.

रावपुरा (बडोदा)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून तिच्या आईला दिलं. तिने बाउंटीचा भाग दोनदा वाचला आणि मग दर्यासारंग काकांचे प्रश्न वहीत उतरवून घेतले. म्हणाली, या प्रश्नांची उत्तरं आली की बोलू. पोहण्याचा अर्ज सोमवारी भरतोय. गाठींसाठी दोर कोणता घ्यायचा?

दर्यासारंग (रत्नागिरी)

दहा-बारा मिलिमीटर जाडीचा, पिळाचा. गुळगुळीत नायलॉन नको, त्यावर गाठ घसरते आणि हाताला खोटी सवय लागते. दोन-तीन मीटरचे दोन तुकडे पुरेत.

सुरसागरकाठ

मांडवीजवळच्या दोरवाल्यांकडे मिळेल. टोकं आधी सुतळीने आवळून घ्या, नाहीतर पीळ सुटतो. येत्या रविवारी सकाळी मी कमाटीबागेत आहे, तिला दोर घेऊन पाठवा, वहिनीही आल्या तर उत्तम. बडोद्यातल्या आणखी कोणाला यायचं असेल तर इथेच लिहा.